गाडीत बायका होत्या

इंदापूरहून येणारी एस.टी. आमच्या दारासमोर थांबली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी झालंय. जळोचीत रस्त्याला लागूनच आमचं घर होतं. रोज ती गाडी धुरळा उडवत बारामतीकडं निघून जायची, थांबायची कधीच नाही. कंडक्टर पायरीवर उभा राहून ओरडला, "निमगावच्या अलीकडं वड्यात तुमची गाडी आडवी झालीय. ड्रायव्हर बरा हाय. बाकीचं मला ठावं न्हाय." आणि घंटी मारून गेला.

मी हातातलं सूप तसंच खाली ठेवलं, पोरीला शेजारणीच्या कडेवर दिलं आणि इंदापूरकडं जाणाऱ्या पुढच्या एस.टी.त बसले.

गाडी म्हणजे आमचा ट्रक. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातला एक आमच्या ह्यांनी घेतला होता. ह्यांच्या छातीत दोष निघाला आणि मिरजेच्या क्षयाच्या दवाखान्यात त्यांना ठेवावं लागलं, तेव्हापासून ट्रकचं सगळं मी बघत होते. चालवायला ड्रायव्हर होता, आमच्याच भावकीतल्यासारखा, हात आणि जीभ दोन्ही सांभाळून वागणारा. भाडी ठरवणं, तेलपाणी, टायर, गॅरेजवाल्याशी भांडणं हे माझ्याकडं. माळेगावला तेव्हा नवा साखर कारखाना उभा राहत होता, तिकडं विटा आणि वाळूच्या खेपा असत. आणि इंदापूरच्या बाजारादिवशी पणदऱ्याची भाजी.

पणदऱ्याला पाटाचं पाणी, तिथं बारा महिने भाजी. इंदापूरकडं तेव्हा कोरडं, तिथं मेथीच्या जुडीलासुद्धा मान. म्हणून पणदऱ्याच्या माळणी पहाटे आपापल्या पाट्या गाडीत चढवायच्या आणि पाट्यांवरच पदर खोचून बसायच्या. पाट्यांचं भाडं आम्ही घेत होतो, माणसांचं नाही. उतरताना जिच्या तिच्या मनानं एखादी जुडी, चार वांगी, मूठभर मिरच्या ड्रायव्हरच्या शेजारी ठेवल्या जात, त्या आमच्या घरी येत. ही रीत ह्यांनी घातलेली. मी तीच चालू ठेवली.

ओढ्याला पाणी नव्हतं. फरशी पुलाच्या कडेवरून गाडी खाली गेली होती आणि डाव्या कुशीवर पडली होती. वाळूत वांगी विखुरली होती. कुणाच्या तरी शेळ्या कोथिंबीर खात होत्या आणि त्यांना हाकलणारं कुणी नव्हतं. ड्रायव्हर काठावर बसला होता. त्याच्या कपाळाला लुगड्याची हिरवी पट्टी बांधलेली.

मला बघून तो उठला. "वहिनी, म्होरलं टायर फुटलं. गाडी हातात ऱ्हायलीच न्हाय."

"बायका कुठं आहेत?"

"बाजाराला गेल्या."

मला वाटलं, डोक्याला मार लागलाय म्हणून हा काहीतरी बोलतोय. पण खरंच गेल्या होत्या. खरचटलेल्या, ठेचलेल्या बायकांनी धड राहिलेली भाजी गोळा केली, येणाऱ्या बैलगाड्या थांबवल्या आणि बाजार गाठला. माल आजचा होता, उद्या तो कुणी घेतला नसता. फक्त त्यांच्यातल्या थोरल्या मावशीचा हात मोडला होता. तिला त्यांनी जाताजाता इंदापूरच्या दवाखान्यात सोडलं होतं.

"पोलीस आले होते?"

"जमादार आला व्हता. पंचनामा केला. गाडी, माल, मी. बायका तवर गेल्या व्हत्या. त्यानं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

तेव्हा त्या वाक्याचा अर्थ माझ्या नीट लक्षात आला नाही.

दवाखान्यात मावशी बाकावर बसून होती. उजव्या हाताला फळ्या बांधलेल्या, तोंड पांढरं पडलेलं. पणदऱ्याच्या बायकांत ती वयानं सगळ्यात मोठी आणि तोंडानं सगळ्यात तिखट. मी जवळ बसले तर म्हणाली, "माझ्या पाटीचं काय झालं?" मी म्हटलं, "पाटी जाऊ दे मावशी, तू वाचलीस." ती म्हणाली, "वाचले ते दिसतंय मला. पाटीचं इचारतीय."

दुसऱ्या दिवशी माझे दीर आले. ह्यांचे चुलत भाऊ, वयानं ह्यांच्यापेक्षा लहान. बारामतीच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच गादीवर बसून ते विम्याची एजन्सी करत. आमच्या गाडीचा विमा त्यांनीच उतरवला होता. नुसता दुसऱ्याला लागलं तर द्यायचा सक्तीचा नव्हे, आपल्या गाडीची मोडतोड झाली तरी भरून मिळेल असा. तेव्हा मला तो खर्च उगाच वाटला होता.

चहा घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. क्लेम टाकू. टायर फुटलं, गाडी पडली, यात ड्रायव्हरची चूक नाही. पुण्याहून सर्व्हेअर येईल, बघेल, लिहून नेईल. फक्त एक करायचं."

"काय?"

"बायकांचं नाव काढायचं नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. आपलं परमिट मालाचं. मालाच्या गाडीत भाड्यानं माणसं बसवली तर कंपनी पॉलिसीवर बोट ठेवते आणि हात झटकते. पंचनाम्यात बायका नाहीत हे आपलं नशीब. आता आपणच कशाला त्या गाडीत बसवायच्या?

"आपण त्यांच्याकडून भाडं कुठं घेतो?"

"जुडी घेता ना? जुडी म्हणजे भाडंच. पुण्यातला साहेब असंच म्हणणार."

"आणि मावशीचा हात?"

"तिला म्हणावं, पाटावर पाणी आणायला गेले आणि घसरून पडले. बायामाणसं पडतातच."

ते वाईट मनानं बोलत नव्हते. भावाची औषधं, मिरजेच्या फेऱ्या, घरात दुसरं कमावतं कुणी नाही, हे सगळं त्यांना दिसत होतं. गाडी पुन्हा रस्त्याला लागली नाही तर आमची चूल कशावर पेटणार हेही दिसत होतं. बोलण्यात काहीच खोट काढता येत नव्हती, म्हणून मला जास्त त्रास झाला. मी म्हटलं, "चार दिवस थांबा भावजी. मग सांगते."

बैलजोड्या लावून गाडी ओढ्यातून वर काढली आणि बारामतीच्या गॅरेजात आणून लावली. पुढचा आस वाकला होता, केबिन चेपली होती, एका बाजूच्या फळ्यांचा चुरा झाला होता. मी ड्रायव्हरला तिथं गाठलं आणि विचारलं, "सर्व्हेअरनं विचारलं तर तू काय सांगशील?"

तो पान्ह्याला लागलेलं ग्रीस पुसत म्हणाला, "तुमी सांगाल ते सांगीन वहिनी. पर मला आधी नगा सांगू. मला झोप लागायची न्हाय."

मिरजेला जाऊन ह्यांना विचारावं असं मनात आलं होतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, घरची काळजी त्यांच्या कानावर घालू नका. शिवाय ते काय म्हणतील हे मला ठाऊक होतं. ते म्हणाले असते, 'तुला योग्य वाटेल ते कर.' म्हणजे फिरून माझ्याकडंच. तेव्हा मिरजेला जायचं नाही आणि ठरवायचं ते आपणच, एवढं मी पक्कं केलं आणि पणदऱ्याची वाट धरली.

मावशीचं घर पाटाच्या काठालाच होतं. दारात वांग्याचे वाफे, पलीकडं मिरची. सून पाणी धरत होती. मावशी ओट्यावर बसून डाव्या हातानं शेंगा फोडायचा प्रयत्न करत होती आणि जमत नाही म्हणून शेंगेलाच शिव्या देत होती.

मी बसले. कसं काढावं कळेना. तीच म्हणाली, "तुमचं दीर येऊन गेलं काल."

"काय म्हणाले?"

"म्हणलं, पाटावरनं पडले आसं सांग. म्हंजी कंपनी पैकं देतीया."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, बाईला येऊ द्या. गाडी बाईची हाय." तिनं शेंग खाली ठेवली. "तुमी म्हणत असला तर म्हणीन मी. तुमच्या मालकानं कवा आमाला भाडं मागितलं न्हाय. पर एक सांगा. लगीन हून आले तवापासनं ह्या पाटाचं पाणी भरतीया. चिखल आसू दे, शेवाळ आसू दे, कवा पाय घसरला न्हाय. त्या बिचाऱ्या पाटावर कशाला आळ घेऊ?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "आन मी म्हणीन. बाकीच्या समद्या म्हणतील का? रगताच्या लुगड्यानं भाजी इकली त्यांनी. आख्ख्या इंदापूरनं बगितलं."

परत येताना मी पाटाच्या कडेनं चालत होते आणि डोक्यात तेच चाललं होतं. लबाडी उघडी पडायची भीती होती, नव्हती असं कशाला म्हणू. दवाखान्यात मावशीची नोंद होती. बाजारात सगळ्यांनी बघितलं होतं. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. त्या बायका आमच्या गाडीत होत्या. आमच्या भरवशावर बसल्या, आमच्या गाडीतून पडल्या. त्या नव्हत्याच असं मी कागदावर लिहून दिलं, तर पुढच्या बाजाराला त्यांच्या तोंडाकडं कुठल्या डोळ्यांनी बघायचं? आणि क्लेमच टाकायचा नाही, हेही मला पटत नव्हतं. विमा आम्ही भरला होता. टायर फुटलं हे खरं होतं. जे खरं आहे ते मागायला लाज कसली?

घरी पोचेपर्यंत ठरलं होतं. क्लेम टाकायचा, आणि बायकांसकट टाकायचा.

दीर भडकले. "वहिनी, हा क्लेम नाही, कबुलीजबाब आहे! कंपनी एक दमडी देणार नाही. वर परमिटवर येईल ते वेगळंच."

"येऊ दे. आलं तर मी बघीन."

"तुम्ही काय बघणार? तुम्ही बाईमाणूस!"

"भावजी, गाडी काढायला ओढ्यात बैल मी लावले. तेव्हा बाईमाणूस नव्हते का?"

कागद इंग्रजीत होता आणि मी शिकलेली मराठी सातवीपर्यंत. त्यांनीच तो भरला, मोठमोठे उसासे टाकत. भरून झाल्यावर मी म्हटलं, "बायका कुठं लिहिल्यात त्यावर बोट ठेवा." त्यांनी ठेवलं. माझे दीर तापट होते, पण फसवणारे नव्हते. मी खाली सही केली.

सर्व्हेअर यायला वेळ लागला. तोवरच्या बाजारांना मी मावशीची भाजी एस.टी.च्या टपावर टाकून इंदापूरला नेली. मावशीही आली, हात गळ्यात बांधून. तिच्या जागेवर मी बसले आणि ती माझ्या शेजारी बसून मला ओरडत राहिली. तागडी धरायचा माझा हात ती सारखा ठीक करायची. एका गिऱ्हाइकानं घासाघीस करत माझ्याकडून तीन जुड्या दोनच्या भावात नेल्या, तेव्हा ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "गाडीवाली हाय ती, भाजीवाली न्हाय! फसवू नगा तिला!" आजूबाजूच्या बायका खदखदून हसल्या. पणदऱ्याच्याही हसल्या. अपघातानंतर त्या माझ्याशी मोकळेपणानं हसल्या त्या तेव्हाच.

सर्व्हेअर आले ते उंच, बारीक, डोक्यावर टोपी आणि काखेत छत्री असे. गॅरेजात त्यांनी फुटलेलं टायर उलटंपालटं करून पाहिलं, आतून बोट फिरवलं, आस मोजला. मग मला विचारलं, "बाई, गाडीत कोण होतं?"

"ड्रायव्हर आणि पणदऱ्याच्या भाजीवाल्या."

"भाडं घेत होता?"

दीर माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू आला. मी म्हटलं, "पैसे कधी घेतले नाहीत. कुणी खुशीनं जुडी दिली तर ती घेतली."

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि लिहून घेतलं. मग म्हणाले, "त्यातलं कुणी भेटेल का?"

बैलगाडीनं आम्ही पणदऱ्याला गेलो. मावशीनं त्यांना ओट्यावर बसवलं, सुनेला पाणी आणायला लावलं आणि विचारायच्या आधीच सुरुवात केली. "मी गाडीत व्हते. ह्यो हात त्याच गाडीत मोडला. आदी बंदुकीवानी आवाज झाला, मग गाडी वाकडी झाली. ड्रायव्हर झोपला न्हवता. त्यो गानं म्हणत व्हता. वाईट म्हणत व्हता, पर म्हणत व्हता."

साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, "आवाज आधी झाला, हे नक्की?"

"आवाज आदी. मला दात न्हाईत, कान हायती."

परत निघताना सर्व्हेअर दिरांना म्हणाले, "बहुतेक ठिकाणी मला ड्रायव्हर सोडून दुसरा साक्षीदार मिळत नाही. आणि ड्रायव्हर कधी 'मी झोपलो होतो' म्हणत नाही."

तरीही कंपनीचा नकार आला. मालाच्या गाडीत माणसं वाहिली, सबब मागणी नामंजूर. दिरांनी कागद वाचून दाखवला आणि घडी करून माझ्यासमोर ठेवला. 'मी म्हटलं होतं' असं ते म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांना आजही मानते.

"पुण्याला ऑफिस कुठं आहे?" मी विचारलं.

"तुम्ही जाणार?"

"जाणार."

ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ धोतर आणि काळी टोपी घालून आमच्या दारात हजर झाले. म्हणाले, "तिथं इंग्रजी बोलायला कुणीतरी लागेल."

ऑफिसातल्या साहेबांना मात्र चांगलं मराठी येत होतं. त्यांनी तेच विचारलं, "बाई, मालाच्या गाडीत माणसं कशी?"

"साहेब, मालाबरोबर मालाची मालकीण होती. पाटी तेवढी न्यायची आणि पाटीवालीला रस्त्यात सोडायची, असं आमच्याकडं होत नाही."

"पण पॉलिसीत तसं चालत नाही."

"मग ते चुकलं, मान्य. पण टायर बायकांनी फोडलं का? तुमच्याच माणसानं टायर बघितलंय. बायका नसत्या तरी ते फुटलंच असतं. मी त्या नव्हत्या असं लिहिलं असतं तर तुम्ही पैसे दिले असतेत. मी होत्या म्हणून लिहिलं, म्हणून देत नाही. मग तुम्ही लोकांना काय शिकवताय?"

मला थांबवायला दीर खाकरले. साहेब खुर्चीत मागं रेलले. बराच वेळ सर्व्हेअरचा अहवाल वाचत बसले, आत जाऊन कुणाशी तरी बोलून आले. शेवटी म्हणाले, "पूर्ण मिळणार नाही."

"जेवढं न्यायाचं आहे तेवढं द्या."

मोडतोडीतला काही भाग त्यांनी मंजूर केला. पुन्हा मालाच्या गाडीत माणसं बसवणार नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलं. गॅरेजवाल्याचं त्यात पुरतं भागलं नाही. उरलेलं कारखान्याच्या विटांच्या खेपांवर हळूहळू फिटलं. मावशीच्या हाताचं कंपनीनं काही दिलं नाही. ते आम्हीच केलं. हात जुळला, पण कोपरात वाकडा राहिला. पाटी डोक्यावर चढवायला तिला शेवटपर्यंत कुणीतरी लागायचं.

खरं बोललं की सगळे खूश होतात, असं काही झालं नाही. गाडी दुरुस्त होऊन पणदऱ्याला गेली आणि ड्रायव्हरनं बायकांना चढू दिलं नाही, तेव्हा त्यांनी मला चांगल्या शिव्या घातल्या. "लिहून देऊन आली म्हणं! आता आमी काय चालत जावं?" एकजण तर पुढं वर्षभर माझ्याशी बोलली नाही. त्यांचं चुकत नव्हतं. पुढं असं ठरलं की पाट्या ट्रकनं जायच्या आणि बायका पहिल्या एस.टी.नं. ड्रायव्हर बाजारात आधी पोचून पाट्या जिच्या तिच्या जागेवर उतरवून ठेवायचा. पहिले काही बाजार पाट्यांची अदलाबदल झाली, भांडणं झाली, मग बसली घडी.

हे मिरजेहून घरी आले ते बरंच वजन घटवून, पण बरे होऊन. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मी असतो तर कदाचित गप्प बसलो असतो." मला बरं वाटावं म्हणून ते बोलले नव्हते. जे होतं ते बोलले होते. ट्रकच्या धंद्यात त्यांनी पुन्हा लक्ष घातलं नाही. डॉक्टरांची मनाई होती, आणि त्यांनीही मला कधी बाजूला हो म्हटलं नाही.

विमा पुन्हा भरायची वेळ आली तेव्हा दीर नेहमीप्रमाणं कागद घेऊन आले आणि सहीची जागा दाखवू लागले. मी म्हटलं, "आधी वाचून दाखवा. सगळं." त्यांनी बारीक अक्षरातलं एकेक कलम वाचून मराठीत सांगितलं, मी मध्ये मध्ये अडवलं, विचारलं, पुन्हा विचारलं. संध्याकाळी चुलीवर भात लावायची वेळ झाली तरी आम्ही अर्ध्यावरच होतो. मी भात लावून आले आणि पदर खोचून म्हटलं, "हं, पुढं."